उशी काढून दिलेला चहा

अकोला,
१२ ऑगस्ट २००६

प्रिय गुलनार,

फोनवर तू "हो, हो" म्हणतेस आणि करत काहीच नाहीस, म्हणून पत्र. होस्टेलवरून तुला ज्या शाईनं लिहायचे, तीच निळी शाई मुद्दाम आणली. अमरावतीच्या शाळेत एका बाकावर बसलो, तू नर्स झालीस, मी डॉक्टर. तुझं अक्षर अजून माझ्यापेक्षा चांगलं आहे, हे मी विद्यार्थ्यांना सांगत नाही एवढंच.

काम असं आहे. आमच्या कॉलेजात एम.डी. मेडिसिनचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम तपासून सुधारायला समिती नेमली आहे आणि लिहिण्याचं सगळं काम माझ्या गळ्यात पडलंय. कुठल्या शिक्षणातून डॉक्टर खरंच काही शिकतो आणि कुठलं नुसता वेळ खातं, हे ठरवायचं. नवीन घालायचं तर जुनं काढावं लागतं. काढायच्या यादीत सगळ्यात वर आहे तुमच्या संजीवन रुग्णालयातली सहा आठवड्यांची नेमणूक.

विद्यार्थ्यांचे अभिप्रायच तसे आहेत. सुगत माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी. त्यानं लिहिलंय, "शिकण्यासारखे काही नाही. विषबाधेच्या वॉर्डातील सिस्टर रुग्णांच्या डोक्याखालची उशी काढून घेतात, नातेवाइकांवर ओरडतात आणि चहासाठी काम थांबवतात." वाचून मी हसले. तू शाळेतही मधल्या सुट्टीआधीच डबा उघडायचीस.

गेल्या तीन वर्षांच्या नोंदी पाठव. फवारणीच्या औषधानं विषबाधा झालेले किती आले, किती दगावले, कितव्या दिवशी. सोबतचा फॉर्मही भर. अहवाल ऑक्टोबरअखेर द्यायचा आहे. नेमणूक रद्द करावी असं माझंही मत आहे. तुझ्यापासून लपवून ठेवणं बरं वाटलं नाही, म्हणून आधीच लिहिते.

तुझी,
माधवी


नांदगाव पेठ,
२१ ऑगस्ट २००६

प्रिय माधवी,

फॉर्म भरला. आठ पानांचा फॉर्म, त्यात 'परिचारिकेचे मत' याला दोन ओळी. पहिल्या ओळीत मी नाव लिहिलं, दुसऱ्या ओळीत "ठीक आहे" लिहिलं. जागा संपली.

सुगत चांगला पोरगा आहे गं. पुस्तक तोंडपाठ, बोलणं नम्र. पण नऊच्या राउंडला यायचा आणि दहाला खोलीत अभ्यासाला बसायचा. मी त्याला म्हटलं, "डॉक्टर, संध्याकाळी पाचला चहाच्या वेळी या." तर म्हणतो, "सिस्टर, मी चहा घेत नाही." आता याच्यापुढे काय बोलायचं?

नोंदी पाठवते आहे. माझा भाचा तनवीर झेरॉक्सच्या दुकानात असतो, त्यानं सगळं वहीसारखं बांधून दिलं. यंदा ऑगस्टातच खाटा कमी पडल्या. कपाशीवर फवारणी सुरू झाली की आमचा वॉर्ड भरतो. कोणी वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून फवारलेलं असतं, कोणी मनानंच घेतलेलं असतं. मी कुणाला विचारत नाही. साल असं चाललंय की विचारायचीच भीती वाटते.

नेमणूक काढायची तर खुशाल काढ. तुझ्या पोरांवाचून माझा वॉर्ड अडत नाही. फक्त 'शिकण्यासारखे काही नाही' हे त्यानं दिवसाच्या कुठल्या वेळी पाहून लिहिलं, तेवढं त्याला विचार.

अम्मीनं तुझ्या आईला सलाम सांगितला आहे.

तुझी,
गुलनार


अकोला,
७ सप्टेंबर २००६

प्रिय गुलनार,

तुझ्या नोंदी समोर घेऊन बसले आहे आणि आकडे पुन्हा पुन्हा मोजते आहे.

पहिल्या दिवशी तोंडाला फेस, घाम, घुसमट असते. तेव्हा सगळे धावतात. त्यातून वाचलेला माणूस बोलायला लागतो, खातो, घरचे पेढे वाटायची भाषा करतात. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान त्याचा श्वास थांबतो. वेळेत नळी घालून श्वासाच्या मशीनवर घेतला तर वाचतो. वेळेत, हे महत्त्वाचं. आमच्याकडे तीन वर्षांत असे एकतीस गेले. आमच्याकडे सहा मशिनं आहेत, तज्ज्ञ आहेत. तुमच्याकडे रुग्ण आमच्याहून जास्त, मशिनं दोन, आणि असे गेलेले फक्त तीन?

हे आकडे मी समितीत ठेवले. अध्यक्ष म्हणाले, "अवघड रुग्ण तिसऱ्या दिवशी दुसरीकडे रवाना करत असतील. मरण दुसऱ्याच्या वहीत जातं."

तुम्ही नागपूरला पाठवता का? तसं असेल तर मला खरं सांग. मी कुणाला सांगणार नाही, पण चुकीच्या आकड्यांवर अभ्यासक्रम ठरवता येत नाही.

तुझी,
माधवी


नांदगाव पेठ,
१२ सप्टेंबर २००६

आदरणीय डॉक्टर माधवीताई यांस,

आपले पत्र मिळाले. तीन वर्षांत बाहेर पाठवलेले रुग्ण एकूण नऊ. त्यांची नावे, गावे आणि पुढे काय झाले हे पान तेवीसवर लिहिलेले आहे. नऊपैकी सात घरी गेले. आपण कामात असल्याने पान तेवीसपर्यंत पोचला नसाल.

आम्ही इथे काय करतो हे आपण विचारले नाही. आम्ही चहा पाजतो.

आपली,
गुलनार, परिचारिका


अकोला,
४ ऑक्टोबर २००६

गुलनार,

'प्रिय' लिहायचा हक्क मी घालवला आहे. तू परत देशील तेव्हा लिहीन.

पान तेवीस वाचलं. दोन आठवडे पत्र लिहायला हात उचलला नाही. मग शुक्रवारी कुणाला न सांगता बस धरली आणि पावणेपाचला तुझ्या वॉर्डाच्या दाराशी पोचले. माफी मागायला आले होते. पण आत जे चाललं होतं ते पाहत तिथेच उभी राहिले. तू मला पाहिलं नाहीस, म्हणून मी काय पाहिलं ते तुलाच लिहिते.

तुझा रोजा होता. पहाटेपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, आणि हातात चहाची किटली. तुझ्या मदतीला असलेल्या बेबीताई तुझ्यापुढे चालत एकेका खाटेवरची उशी काढत होत्या. एका म्हातारीनं मुलाच्या मानेखाली हात घातला तर तू ओरडलीस, "माय, हात नको लावू त्याले! त्याचं त्याले उचलू दे!" म्हातारी रडकुंडीला आली. सुगतनं लिहिलेला शब्द न् शब्द खरा होता. आणि तरी त्याला काहीच दिसलं नव्हतं.

प्रत्येक खाटेपाशी तुझं एकच बोलणं. "भाऊ, चहा आला. मान उचला, मंग भेटते चहा." पाठीवर पडलेला माणूस मान उचलून धरायचा, तू मनाशी काही मोजायचीस, मग त्याला नीट बसवून कप द्यायचीस. सात खाटा झाल्या. आठव्या खाटेवरचा माणूस शेजारच्याची थट्टा करत हसत होता. त्यानंही मान उचलली. माझ्या डोळ्यांना ती उचललेलीच दिसली. तू किटली खाली ठेवलीस.

"श्रावणभाऊ, जड वाटून राहिली काय?"

"नाही वो बाई. जराशी."

"एका दमात आकडे म्हना बरं."

तो अकरापर्यंत गेला आणि थांबला, आणि त्यावरही हसला.

"दुपारी तुमी पंचवीसवर गेलते," असं म्हणून तू डॉक्टरांना अशी हाक मारलीस की दाराशी उभी असलेली मी दचकले.

चाळीस मिनिटांनी त्याचा श्वास अडखळला. तोवर मशीन खाटेशी आलं होतं, डॉक्टर नळी घेऊन उभा होता. कुणी धावलं नाही, कुणी ओरडलं नाही. एक माणूस मरणार होता आणि तो मेला नाही, एवढंच झालं. वॉर्डातल्या बाकीच्यांना कळलंही नसेल.

गुलनार, मी बावीस वर्षं हे शिकवते आहे. मानेचे स्नायू आधी थकतात, श्वासाचे नंतर. पुस्तकात एक ओळ आहे. मी ती फळ्यावर लिहिते, पोरं वहीत उतरवतात, परीक्षेत लिहून गुण मिळवतात. ती ओळ घडताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. आमच्याकडे नऊच्या राउंडला मोठे डॉक्टर येणार म्हणून घरचे रुग्णाला दोन उशा लावून, भांग पाडून बसवून ठेवतात. मायेनं मान धरून ठेवतात. आम्ही रोज सकाळी ती धरलेली मान पाहतो आणि 'प्रकृती ठीक' लिहून पुढे जातो.

अजान झाली तेव्हा तू एक खजूर तोंडात टाकलास आणि किटली उचलून नवव्या खाटेकडे गेलीस. मला तुझ्यासमोर यायचा धीर झाला नाही. परवा आईला घेऊन दीक्षाभूमीवर गेले होते. यंदा पन्नासावं वर्ष, डोळ्यांत न मावणारी माणसं. तिथे हात जोडले तेव्हाही मला तुझा वॉर्डच दिसत होता.

हे तुला कुणी शिकवलं? आणि मला माफ करशील का?

माधवी


नांदगाव पेठ,
११ ऑक्टोबर २००६

प्रिय माधवी,

घे, 'प्रिय' परत दिलं.

तू दाराशी होतीस ते मला माहीत होतं. एका पायावर दुसरा पाय ठेवून उभी होतीस, गणिताच्या बाई वर्गाबाहेर काढायच्या तेव्हा राहायचीस तशी. मी हाक मारली नाही, कारण माझा राग गेला नव्हता. आता गेला. श्रावणभाऊ सोमवारी चालत घरी गेला. जाताना म्हणतो, "बाई, त्या दिवशी मले चहा काही भेटला नाही." म्हणून त्याला दोन कप पाजले.

पण तू माझ्याबद्दल लिहिलंस ते वाचून मला लाज वाटली. कारण हे माझं नाही. कुणाचं आहे ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, तुलाही नाही.

१९९३ चा सप्टेंबर. कौंडण्यपूरकडच्या एका गावातला देवमन नावाचा माणूस फवारताना विष लागून आला. दोन दिवसांत सुधारला, बोलायला लागला. तिसऱ्या दिवशी त्याची बायको चतुराबाई कुठून तरी चहा घेऊन आली. पाजता पाजता थांबली आणि मला म्हणाली, "बाई, यायची मान काहून उचलून नाही राहिली?"

मी औषधांची गाडी ढकलत चालले होते. म्हटलं, "अशक्तपणा आहे, येईल ताकद."

ती म्हणाली, "सकाळी तं उचलत होते."

मी म्हटलं, "बाई, मले काम करू दे."

त्याच्या मानेखाली हात घालून तिनं चहा पाजला. दोन तासांत तो गेला.

मला कुणी काही बोललं नाही. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं लिहिलं. पण तिनं विचारलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं, हे मला माहीत होतं. दुसऱ्या दिवसापासून मी चहा सुरू केला. आधी नुसता चहा आणि मान. मग लक्षात आलं की उशीमुळे फसायला होतं, म्हणून उशी काढली. मग आकडे. दर चार तासांनी, माझ्या पाळीत मी आणि नसताना बेबीताई. लोक मला कडक म्हणतात. म्हणू दे.

तर माझं नाव कुठेही घालू नकोस. आणि आणखी एक ऐक. पोरांना तू मान तपासायला शिकवशील, ते शिकतील, हुशार आहेत. पण तिसऱ्या दिवशी कुणाची तरी बायको काही विचारेल आणि ते गाडी ढकलत निघून जातील. मला मान बघता येत नव्हती म्हणून देवमन गेला नाही. मान तर त्या बाईनं बघितली होती. मला ऐकता येत नव्हतं. ते तुझ्या अभ्यासक्रमात कसं घालायचं, ते तू बघ. मोठी डॉक्टर तू आहेस.

तुझी,
गुलनार


अकोला,
२० नोव्हेंबर २००६

प्रिय गुलनार,

उशीर झाला, पण रिकाम्या हातानं लिहायचं नव्हतं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी सुगतला बोलावलं. तुझी गोष्ट सांगितली नाही. फक्त म्हटलं, आपल्याकडे गेलेल्या एकतीस जणांचे कागद काढ आणि डॉक्टरांचं सोडून बाकी सगळ्यांनी लिहिलेलं वाच. तो तीन दिवस नोंदींच्या खोलीत बसला. चौथ्या दिवशी आला तेव्हा खुर्चीवर बसेना. एक कागद माझ्यासमोर ठेवून उभाच राहिला.

एकतीसपैकी चौदा जणांच्या कागदांवर सिस्टरांच्या नोंदीत ते होतं. "जेवताना मान धरावी लागते, असे पत्नी सांगते." "आईने आणखी एक उशी मागितली." "मुलगा म्हणतो, बाबांचा आवाज बारीक झाला." सगळ्या नोंदी मृत्यूच्या तीन ते दहा तास आधीच्या. खाली राउंडच्या सह्या. त्यातल्या दोन सुगतच्या, पाच माझ्या.

गुलनार, ही माणसं सांगत होती. चौदा घरांतली माणसं आम्हाला सांगत होती, त्यांच्या भाषेत, बरोबर तेच जे मी फळ्यावर लिहीत होते.

समितीत अध्यक्षांनी विचारलं, "आता एम.डी.ला चहा वाटायला शिकवायचं का?" मी सोबत नेलेला सुगत उठला आणि म्हणाला, "सर, माझा अभिप्राय मी मागे घेतो. तिथे शिकण्यासारखं होतं, मला शिकता आलं नाही." मग त्यानं ती चौदा वाक्यं एकामागून एक वाचली.

नेमणूक राहिली. सहाचे आठ आठवडे झाले, आणि पहिला आठवडा विद्यार्थी डॉक्टरांच्या नाही, सिस्टरांच्या हाताखाली. ऐकण्याबद्दल तू लिहिलंस, त्याचंही कलम घातलं. एक सदस्य म्हणाले, असल्या गोष्टी उपदेश म्हणून प्रस्तावनेत टाका. मी अडून बसले. आपल्याकडे परीक्षेत विचारलं जात नाही ते कुणी शिकत नाही, हे मी इतक्या वर्षांत पाहिलंय. म्हणून ते परीक्षेत घातलं. परीक्षक रुग्णाच्या घरच्या माणसाला बाजूला घेऊन विचारणार, तुम्ही यांना काय सांगितलं होतं? आणि मग विद्यार्थ्याला विचारणार, त्यांनी काय सांगितलं? दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर तो नापास. बाकी सगळं येत असलं तरी नापास.

ते पान सोबत पाठवते. तुझं नाव नाही. चतुराबाईंचंही नाही, कारण त्यांना न विचारता मी कसं घालणार? त्या अजून तिथेच आहेत का?

तुझी,
माधवी


नांदगाव पेठ,
१४ जानेवारी २००७

प्रिय माधवी,

मी जाऊन आले.

तू विचारलंस तेव्हापासून दोन महिने मी रोज एक नवीन कारण काढत होते. मग परवा तनवीरला म्हटलं, सुट्टी घे आणि मला गाडीवर बसव, नाहीतर मी जन्मात जाणार नाही.

वर्धा नदीच्या अलीकडचं गाव. घर लगेच सापडलं. चतुराबाई अंगणात कापसातली पानं, काडीकचरा वेचत बसल्या होत्या. केस सगळे पांढरे. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "तुमी गाडीवाल्या बाई ना?"

तनवीर म्हणाला, "हो आजी, गाडीवरच आलो." पण मला कळलं त्या कुठल्या गाडीबद्दल म्हणताहेत. मी तिथेच, त्यांच्यासमोर खाली बसले.

म्हटलं, "माय, तुमी मले इचारलं होतं, मान काहून उचलत नाही. तुमचं बरोबर होतं. मी ऐकलं नाही. ऐकलं असतं तं ते वाचले असते. हेच सांगाले आली."

त्या कापूस वेचत राहिल्या. मला वाटलं, आता उठून जा म्हणतील, आणि तसं म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं. मग म्हणाल्या, "मले तं वाटे मीच उशिरा इचारलं. सकाळीच इचाराले पाह्यजे होतं. अन् मान धरून चहा मीच पाजला ना बाई. तो चहाच अडकला अशीन, असंच वाटे मले. तेरा वर्सं झाले, मी चहा नाही पेत."

माधवी, मी त्याच तेरा वर्षांत किती कप वाटले असतील, आणि ही बाई इथे बसून चहाला हात लावत नव्हती. मी त्यांना सांगितलं, चहानं नाही माय, श्वासाचे स्नायू थकले होते, तुमच्या हातून काहीच चुकलं नाही. तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघी रडलो. तनवीर बिचारा उठून विहिरीकडे गेला.

मग मी त्यांना वॉर्डाची गोष्ट सांगितली. उशी, आकडे, श्रावण. म्हटलं, हे सगळं तुमच्या एका प्रश्नातून निघालं. "एवढे लोक?" म्हणाल्या. "एवढे लोक घरी गेले?"

नावाचं विचारलं. म्हणाल्या, "माहं नाव कायले? मी कोन?" मग मी तुझं पान काढलं. त्यांना वाचता येत नाही, नात सातवीत आहे, तिनं वाचलं. पोरगी अडखळत, मोठ्यानं वाचत होती. "रुग्णाजवळ असलेली व्यक्ती काही सांगत असल्यास हातातील काम थांबवून ते पूर्ण ऐकावे, तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे आणि रुग्णास पुन्हा तपासावे. हे न करणारा विद्यार्थी परीक्षेत अनुत्तीर्ण समजला जाईल."

"कोनाची परीक्षा हाय हे?" चतुराबाईंनी विचारलं.

"डॉक्टरांची, आजी," पोरगी म्हणाली.

"मोठ्या डागदरायची?"

"हो."

"आपल्यासारख्यानं सांगितलेलं नाही ऐकलं, तं नापास?"

"नापास, आजी."

त्यांनी मांडीवरचा कापूस बाजूला ठेवला आणि हात पदराला पुसले. "पुना वाच," म्हणाल्या. पोरीनं पुन्हा वाचलं. मग त्यांनी सुनेला हाक मारली आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला सांगितला. "माहा बी टाक," म्हणाल्या.

तुझी,
गुलनार